काजळीचा डावा पंख

कल्पना करा, तुम्ही दापोडीतल्या एका गच्चीवर उभे आहात. हातात कॅमेरा आहे, त्याला हातभर लांब लेन्स लावलेली आहे आणि तिच्या वजनाने डावा हात आताच भरून यायला लागलाय. दोन गल्ल्या पलीकडच्या गच्चीवर एक माणूस ओंजळीत कबूतर धरून उभा आहे. तो ते सोडणार. कबूतर सरळ तुमच्याकडे येईल, डोक्यावरून जाईल आणि तुमच्या मागे ढाबळीवर, म्हणजे फळ्या आणि जाळी ठोकून केलेल्या त्याच्या घरावर, उतरेल. सगळा मामला दोन-चार श्वासांचा. पण त्याआधी तुम्हाला एक आकडा ठरवायचाय. कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं ठेवायचं?

सेकंदाचा हजारावा भाग? तेवढ्या वेळातही पंखाचं टोक नखभर सरकतं आणि फोटोत पुसट होतं. दोन हजारावा भाग ठेवलात, तर एकेक पीस मोजता येईल असा फोटो मिळेल, पण त्याला ऊन पाहिजे आणि सूर्य अजून रेल्वेलाइनच्या पलीकडच्या इमारतींमागे आहे. फोटो काळा पडेल. उजेडाची तूट आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवून भरून काढाल, तर सगळ्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतील. आणि शटर फारच हळू ठेवलंत, तर पंखांच्या जागी नुसता धूर.

लवकर ठरवा. त्या माणसाने हात वर केलेत.

मिनलने त्या गुरुवारी हजार ठरवला. तिने तो अंदाजाने ठरवला नव्हता, हिशेब करून ठरवला होता. मिनल चाकणला एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर आहे. गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये बसणारे शाफ्ट तिच्या समोर येतात. डिप्लोमा करून ती लागली, तेव्हा त्या टेबलावर ती एकटीच मुलगी होती, आता तिघी आहेत. तिथला कायदा सोपा आहे. माप बसलं तर ओके, नाही बसलं तर एनजी. एनजी म्हणजे नॉट गुड. त्याला लाल खूण करायची आणि लाल पेटीत टाकायचं. नग चांगला वाटतो का, बनवणाऱ्याने किती मेहनत घेतली, हे प्रश्न टेबलाशी येत नाहीत.

फोटोचा नाद तिला लावला सुजितने. सुजित लातूरकडचा, त्याच कंपनीत जुळणीनंतरच्या चाचणीवर आहे. सुट्टीच्या दिवशी चार-पाच जण मोटारसायकली काढून भिगवणला पक्षी बघायला जायचे, त्यात एकदा मिनल गेली आणि परत आली ती जुना कॅमेरा कुठे मिळतो हे विचारतच. शटर स्पीड म्हणजे काय हे सुजितने समजावलं, तेव्हा तिने लगेच मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडला होता.

“पक्षी सेकंदाला पंधरा मीटर गेला, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात पंधरा मिलिमीटर,” ती म्हणाली होती. “म्हणजे आपण कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला, तर अंगाची धूसरता जवळजवळ शून्य. राहतं पंखाचं टोक. त्याला टॉलरन्स किती द्यायचा, किती चूक चालवून घ्यायची?”

“बाई गं,” सुजित म्हणाला, “तळ्यावर आलो आपण. सूर्य उगवायलाय. अन् तू पक्ष्याला टॉलरन्स द्यायलीस?”

पण ती हसली नाही. तिला ते खरंच पटलं होतं. पक्ष्याच्या फोटोलाही माप असतं आणि ते आपल्याला घेता येतं, या गोष्टीचा तिला फार आनंद झाला होता. तेव्हापासून ती प्रत्येक सहलीनंतर कॅमेऱ्यातले फोटो मोठे करून बघायची. डोळा स्पष्ट आहे का, पंखाचं टोक स्पष्ट आहे का. असेल तर ठेवायचा. नसेल तर तिथेच पुसून टाकायचा. सुजित म्हणायचा, घरी जाऊन बघ की निवांत. ती म्हणायची, रिजेक्शन घरी न्यायचं नसतं.

त्या गुरुवारचा फोटो मात्र हौसेचा नव्हता. तो तिच्या वडिलांनी मागितला होता.

ज्योतीराम, म्हणजे मिनलचे आबा, पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झाले. पत्रा ठोकणाऱ्या मशीनांच्या आवाजाने कान अर्धे गेले होते. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे, कारण त्यांचा खरा जीव वर आभाळात असायचा. गच्चीवरची ढाबळ त्यांनी तरुणपणी बांधली. तिच्यात गिरेबाज कबुतरं होती, उंच चढून तासन् तास घिरट्या घालणारी जात. सकाळी काठीला बांधलेलं फडकं हलवून ती उडवायची, मान वर करून बघत राहायचं आणि उन्हं तापली की शीळ घालून उतरवायची. दापोडीत असे बरेच जण आहेत. मेट्रोच्या पुलावरून जाताना खाली बघितलंत, तर पत्र्यांवरच्या जाळ्या दिसतील. कुणाचं कबूतर कसं वळतं, कुठलं आधी दमतं, कुठलं दुसऱ्याच्या थव्यात शिरून फितूर होतं, हे आबा खालून सांगायचे. पण गेल्या दोन वर्षांत साखरेने डोळ्यांचा पडदा धरला. डॉक्टरांनी आहे तेवढी नजर टिकवली. आता आबांना समोरचा माणूस ओळखू येतो, टीव्ही जवळ बसून दिसतो, पण आभाळातली कबुतरं म्हणजे त्यांना नुसतं आभाळ.

आणि यंदा संक्रांतीला काजळी कापली गेली.

काजळी ही त्यांच्या ढाबळीतली सगळ्यात उंच चढणारी मादी. राखाडी अंग आणि डोळ्याभोवती काळी कड. पतंगाचा मांजा तिच्या डाव्या पंखाला खांद्यापाशी बसला. ती पलीकडच्या पत्र्यावर पडली आणि मिनलच्या आईने, शालनबाईंनी, तिला पदरात गुंडाळून आणलं. डॉक्टरने टाके घातले. जखम भरली, गेलेली पिसंही पुन्हा आली. मार्च निम्मा सरला, तशी ती ढाबळीच्या आत या फळीवरून त्या फळीवर उडायला लागली. बाकीचा थवा वर गेला, की जाळीशी येऊन मान वाकडी करून बघत बसायची.

तिला आता वर सोडायची की नाही, एवढाच प्रश्न होता. पण तो साधा नव्हता. रेल्वेलाइनजवळच्या मोबाइल टॉवरवर शिकरा बसायचा, कबुतरं उचलून नेणारा शिकारी पक्षी. धडधाकट कबूतर शिकऱ्याला वर चढून चुकवतं. ज्याचा पंख कच्चा आहे, ते थव्यात मागे पडतं आणि मग तेच जातं. दुसरा रस्ता खंडूकाकांनी सुचवला होता. खंडूकाका हे दोन गल्ल्या पलीकडचे, इथल्या जुन्या घरातले, आबांचे दोस्त आणि ढाबळीच्या बाबतीत जन्माचे स्पर्धक.

“मला दे भावा ती,” ते म्हणाले. “जोड लावतो. पिल्लं काढल, सुखानं खाईल. उडायचं दिस संपलं तिचं.”

“तुझे संपले,” आबा म्हणाले. “तिचे तू कोण ठरवणार?”

“मग तू ठरव की. तुला तरी दिसतंय व्हय?”

खंडूकाकांनाच आपण जरा जास्त बोललो हे कळलं असावं, कारण ते ज्वारीचं डबडं उगीचच हलवत राहिले.

त्याच संध्याकाळी आबा मिनलला म्हणाले, “मिनू, तुझ्या त्या यंत्रात बघ ना, डावा पंख पुरा उघडतो का तिचा. खंडूने त्याच्या गच्चीवरून एकदोनदा सोडून बघितली, सरळ येते म्हणतो. सरळ येते म्हणजे बरीच झाली म्हणायची. पण माझ्या हातावर उतरते तेव्हा मला ती जड लागते. एवढं बघून सांग. तू ओके म्हटलंस, तर सोडतो वर.”

मिनलला हे काम आपल्यासाठीच आल्यासारखं वाटलं.

तर तो गुरुवार. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते आणि चाकणच्या तिच्या कंपनीनेही तोच वार धरलेला. खंडूकाकांनी आपल्या गच्चीवरून काजळी सोडली, मिनलने हजारला शटर ठेवून बटण दाबून धरलं आणि काजळी सरळ रेषेत येऊन ढाबळीवर उतरली. तिला परत तिकडे न्यायचं काम शालनबाईंकडे होतं. त्या टोपलीवर फडकं टाकून गल्लीतून चालत निघाल्या.

“भाजी आणायला कुणी एवढ्या फेऱ्या मारायला लावत नाही,” त्या म्हणाल्या. “पाखराला पंख दिलेत आणि नेतेय मी डोक्यावर.”

तीन वेळा उडवून झालं. मिनल तिथेच पायरीवर बसली आणि फोटो तपासायला लागली. निम्म्याहून जास्त फोटोंत पंख पुसट होते. तिने ते भराभर उडवले. उरले ते सुरेख होते. काजळीचा लाल डोळा, मानेवरची चमक, दोन्ही पंख लांबच लांब पसरलेले, डाव्याचं शेवटचं पीससुद्धा उजव्याएवढंच लांब. तिने मोबाइलवर मोठं करून दोन्ही बाजू मापून बघितल्या. तंतोतंत सारख्या.

“ओके आहे आबा,” ती म्हणाली. “पूर्ण उघडतो. दोन्ही सारखे.”

आबांनी मान हलवली. “नक्की?”

“मापून सांगतेय.”

“मग पुढच्या गुरुवारी सोडू. तूही असशील.” ते ढाबळीकडे वळले आणि काजळीला म्हणाले, “पास झालीस बाई. माझ्या लेकीने शिक्का मारला.” त्यांचा आवाज इतका हलका झाला होता, की मिनलला दिवसभर बरं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने ते फोटो सुजितला दाखवले. त्याने डबा बाजूला सरकवून एकेक बघितला.

“एक नंबर,” तो म्हणाला. “पण सगळ्यांत पंख पसरूनच हायत की. तरंगायलीय ती. फडफडतानाचा एकबी नाही?”

“ते पुसट आले. उडवले.”

“बरं,” सुजित म्हणाला आणि भाकरीकडे वळला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. मिनललाही वाटलं नाही.

त्या आठवड्यात एका ग्राहकाकडून शाफ्टची एक खेप परत आली. तक्रार अशी, की गिअरबॉक्समध्ये बसवले की आवाज येतो. मिनलने सगळे व्यास पुन्हा घेतले. सगळे मापात. साहेब म्हणाले, फिरवून बघा. तिने शाफ्ट दोन टोकांच्या सेंटरमध्ये अडकवला, वर डायलचा काटा टेकवला आणि हाताने शाफ्ट सावकाश फिरवला. हे काम तिने आजवर कितीदा केलं असेल. काटा एका बाजूला सरकला, परत आला, पुन्हा सरकला. शाफ्ट प्रत्येक ठिकाणी जाडीला बरोबर होता, पण मधोमध किंचित वाकलेला होता. थांबलेला असताना बरोबर, फिरताना चूक.

सुजित मागून डोकावून म्हणाला, “एनजी?”

“एनजी,” ती म्हणाली, पण लाल खूण करायला उचललेला हात तसाच राहिला.

तिच्या डोळ्यांसमोर काजळी आली. पंख पसरून तरंगणारी. आपण ठेवलेला प्रत्येक फोटो, पंख हलत नव्हता त्या क्षणाचा होता. म्हणून तर तो स्पष्ट आला. पंख जोरात चालतो तेव्हाच तो पुसट होतो, आणि ते सगळे आपण पायरीवर बसून उडवले. आबांना हवं होतं पंख चालतो का ते, आणि आपण उत्तर दिलं ते थांबलेल्या पंखाचं.

“अगं कर की खूण,” सुजित म्हणाला.

“सुजित, पुसलेले फोटो परत येतात का?”

“कार्ड तसंच ठेवलं असलं तर येतात. तू काय केलंस?”

तिने कार्ड रिकामं करून ठेवलं होतं. नेहमीच करायची. टेबल स्वच्छ पाहिजे ना.

परतीच्या बसमध्ये तिने पुन्हा कॅल्क्युलेटर उघडला, पण या वेळी हिशेब उलटा होता. कबूतर सेकंदाला साधारण सात-आठ वेळा पंख मारतं. म्हणजे पंख वरून खाली यायला सेकंदाचा पंधरावा-सोळावा भाग लागतो. हजारला शटर ठेवलं, तर त्या फेऱ्याचा एक कण मिळणार. अख्खा फेरा, निदान त्याचा अर्धा तुकडा तरी एका फोटोत धरायचा असेल, तर शटर तिसाव्या भागापर्यंत खाली आणायला हवं. तीस! पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या कुणालाही सांगितलं असतं, तर त्याने तिला झोपायला सांगितलं असतं. तिने सुजितला मेसेज पाठवला. त्याचं उत्तर आलं, “तीसला भिंतीचा फोटो हलतो माझा.”

गुरुवारी आभाळ मळभाने भरलं होतं. मिनल वर गेली तेव्हा खंडूकाका आलेले होते. आबा धुतलेला सदरा घालून, काठी हातात घेऊन तयार.

“आबा, आज नको सोडू या तिला,” मिनल म्हणाली.

“का? तू ओके दिलंस ना?”

“दिलं. चुकलं माझं. मी फक्त तरंगतानाचे फोटो बघितले. पंख मारतानाचे बघितलेच नाहीत. पुसट होते म्हणून टाकून दिले.”

आबांनी काठी कठड्याला टेकवून ठेवली. “मग आता कोण बघणार?” त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता. पण आठवडाभर हलका झालेला आवाज पुन्हा खाली गेलेला तिला ऐकू आला.

“मीच बघते. आत्ता. वेगळ्या पद्धतीने.”

“म्हंजी पुना मी तिकडं जाऊन हुभा ऱ्हाऊ?” खंडूकाका म्हणाले. “पोरी, माझी कबुतरं हायेत सोडायची. न्याहारी व्हायची हाय. आणि आज ढग हायेत, फोटू काळं येत्याल तुझं.”

“काका, आज ढगच पाहिजेत मला.”

ते खरंच होतं. शटर इतका वेळ उघडं ठेवायचं, तर आत येणारा उजेड कुठेतरी रोखायला लागतो. तिने लेन्सचं छिद्र होईल तेवढं बारीक केलं आणि आयएसओ अगदी तळाला नेला. कडक ऊन असतं तर एवढं करूनही फोटो पांढरेफटक आले असते.

काजळीला उगीच दमवायचं नाही म्हणून सराव ‘सब्जा’ नावाच्या हिरवट मानेच्या नरावर करायचा ठरला. त्याचे दोन्ही पंख खणखणीत. पहिल्या खेपेला मिनलने तीसला शटर ठेवलं आणि तिला मिळालं नुसतं करडं आभाळ, त्यात ओल्या फडक्याने पुसल्यासारखा एक ओरखडा. दुसऱ्या खेपेला दोन ओरखडे. तिसऱ्या खेपेला ती मनगटातून कॅमेरा फिरवत होती हे तिच्या लक्षात आलं. तिने पाय फाकवले, कोपरं छातीशी दाबली आणि कमरेतून वळायला लागली, सब्जाचं डोकं चौकटीच्या मध्यावर खिळवून ठेवत.

शालनबाई टोपली घेऊन जिना चढल्या. “किती राहिलं?”

“आई, अजून दोनदा.”

“मागच्या वेळेलाही दोनदाच म्हणाली होतीस. तुझ्या कंपनीत तुला बसायला खुर्ची असते ना? मला एक इथं ठेव.” आणि टोपली घेऊन परत उतरल्या.

मग एक फोटो आला. सब्जाचं अंग बऱ्यापैकी थांबलेलं, डोळ्याचा ठिपका दिसतोय आणि दोन्ही बाजूंना पिसांचे दोन धुरकट हातपंखे उघडलेले. तेवढ्या वेळात पंख कुठून कुठे गेला ते सगळं त्या धुरात होतं. डावा-उजवा अगदी सारखे. मिनलने आणखी दोन घेतले. तेही तसेच. तिला इतका आनंद झाला, की काजळीची पाळी आली तेव्हा क्षणभर ती कशासाठी हे करतेय तेच विसरली होती.

काजळी सरळ आली, नेहमीसारखी. मिनल कमरेतून वळली. पुन्हा एकदा. मग तिने काजळीला ढाबळीत जाऊ दिलं आणि कॅमेरा न बघताच खाली आली. तिने तो टीव्हीला जोडला.

आबा टीव्हीपासून वीतभर अंतरावर खुर्ची ओढून बसले. आधी मिनलने मोबाइलमधला मागच्या गुरुवारचा स्पष्ट फोटो त्यावर लावला. आबांनी डोळे बारीक केले.

“कबूतर आहे,” ते म्हणाले. “पुढं?”

एकेक पीस मोजता येईल असा तो फोटो. त्यातलं एकही पीस त्यांना दिसत नव्हतं. मग तिने सब्जाचा धुरकट फोटो लावला.

“हे काय? दोन सुपं धरल्यासारखी?”

“सब्जा आहे. सुपं म्हणजे त्याचे पंख. जेवढा पंख हलला, तेवढं सूप मोठं.”

“अस्सं.” आबा पुढे सरकले. “दोन्ही सारखी आहेत की.”

“हं. आता ही काजळी.”

आबांनी हात उचलून पडद्यावर टेकवला. उजव्या सुपावर तळवा ठेवला, त्याच्या बाहेरही धूर उरला. मग डाव्यावर ठेवला. ते तळव्याखाली झाकून गेलं; खालची कड उजव्यासारखीच होती, वरचीच तोकडी. त्यांनी पुन्हा उजव्यावर ठेवला, पुन्हा डाव्यावर. कुणी सांगायची गरजच नव्हती. किती महिन्यांनी आबा एखादं उडतं पाखरू स्वतः बघत होते.

“वर उचलत नाही,” अखेर ते म्हणाले. “खाली मारते, पण वर पुरा उचलत नाही. खांदा आखडलाय. म्हणून जड उतरते.”

“मी ओके म्हटलं होतं,” मिनल म्हणाली.

“म्हटलं होतंस. मीही तुझ्या शिक्क्यावर बसलो होतो.” त्यांनी हात खाली घेतला. “मग आता काय म्हणतं तुमचं टेबल? लाल पेटी?”

मिनलने सब्जाचा फोटो पुन्हा लावला, मग काजळीचा.

“आमच्या प्रेस शॉपला रिवर्क म्हणून एक असायचं,” आबा म्हणाले. “तुमच्याकडे बंद केलं काय?”

“आहे ना. पण शाफ्टला. वाकलेला शाफ्ट दाबून सरळ करतात कधी कधी.”

“मग हिला दाबायचं नाही. हिला उडवायचं. खंडूच्या गच्चीवरून इथं, रोज सकाळी, शिकरा टॉवरवर नसताना. खांदा मोकळा झाला तर झाला.”

एव्हाना येऊन दारात उभे राहिलेले खंडूकाका म्हणाले, “रोज? म्हंजी मी रोज तिला हातात धरून हुभा ऱ्हायचं? आणि तू मला देनार न्हाईस ती न्हाईसच.”

“देत नाही. पण तिचं पहिलं पिल्लू तुझं.”

खंडूकाकांनी टीव्हीकडे बघितलं. तो धूर त्यांना फारसा पटलेला दिसत नव्हता. “मी असतो तर आज सोडली असती,” ते म्हणाले. “सरळ उडतीया. आनखी काय पायजे?” पण दुसऱ्या दिवशी सकाळी शालनबाई टोपली घेऊन गेल्या, तेव्हा ते गच्चीवर आधीच येऊन उभे होते.

हे सगळं झालं त्याला आता बरेच आठवडे झाले. काजळी अजून थव्याबरोबर वर गेलेली नाही. दर गुरुवारी मिनल तीसला शटर लावून तिचा फोटो घेते, आबा खुर्ची ओढून टीव्हीपाशी बसतात आणि तळवा ठेवून बघतात. डाव्या बाजूला आता तळव्याच्या कडेने थोडा धूर बाहेर दिसायला लागलाय. आबांच्या मते बोटभर. शालनबाईंच्या मते त्यांचा हात दर वेळी वेगळ्या जागी पडतो. सुजित एकदा मुद्दाम दापोडीला येऊन गेला. त्याने स्वतः तीसला चार-पाच फोटो काढून बघितले, सगळे आभाळाचे आले आणि तो म्हणाला, “लातूरला सांगू नको कुणाला.” मिनलने कॅमेऱ्यातच फोटो पुसायचं सोडलंय. तिच्या लॅपटॉपमध्ये आता जागा उरलेली नाही.

पण खंडूकाकांचं ते एक वाक्य तिच्या डोक्यातून जात नाही. त्या वेळी तिला ते नुसतं हट्टाचं वाटलं होतं. सरळ उडतीया. खरंच उडते. मिनलने तिच्या येण्याची वाट फोटोंवरून आखून बघितली, ती सब्जाइतकीच सरळ निघाली. एक वल्हं मोठं आणि एक लहान असलेली होडी गोल फिरेल. काजळी फिरत नाही. म्हणजे कमी पडणारं बळ ती दुसऱ्या कुठल्या तरी अवयवाने भरून काढत असणार. मिनलला शेपटीचा संशय आहे, पण तीसला घेतलेल्या फोटोत शेपटीची पिसं एकमेकांत मिसळून जातात, आणि हजारला घेतला की शेपूट स्वच्छ दिसते पण पंखाचा फेरा हरवतो. मधले सगळे आकडे तिने लावून बघितले. साठ, सव्वाशे, अडीचशे. कुठल्याच आकड्यावर दोन्ही एका फोटोत येत नाहीत.

काल सकाळी ती पुन्हा गच्चीवर उभी होती. खंडूकाकांनी हात वर केले, काजळी सुटली आणि दोन गल्ल्यांवरून सुतासारखी येऊन आबांच्या हातावर उतरली. आबांनी तिचा खांदा अंगठ्याने चाचपला. मिनलने कॅमेरा खाली घेतला आणि त्यांना विचारलं,

“आबा, तुम्ही एवढी वर्षं कबुतरं बघितलीत. डावीकडे एवढं कमी बळ असताना ही सरळ येते, ती कशाच्या जोरावर?”